वर नेलेला आवाज

भोरकड्याच्या माथ्यावर पोचलो तेव्हा आमच्याकडे एक रेडिओ संच, एक छोटा हातसंच, एक बॅटरी, तारेचा अँटेना, तो उभा करायला बांबू, सहा थालीपिठं आणि ताईचा आवाज एवढं सामान होतं. संचाच्या सुईवर तो आवाज नऊ होता. त्या डोंगराला स्वतःचा आवाज नाही. वारा आमचे केस उडवत होता, पण वाजत नव्हता.

पायथ्याच्या वाडीत हौसाबाईंनी सांगितलंच होतं. "वर पानी न्हाई अन् आवाज बी न्हाई. लागंल तेवढा हितूनच घिऊन जा. अन् सांडू नका. गेल्या साली दोघं सांडून आली, अजून खुणंनं च्या मागत्यात."

"माझ्याकडे भरपूर आहे," ताई म्हणाली होती.

ते खरं होतं. सोमवारी तिची रेडिओ केंद्रावर निवेदिकेच्या जागेसाठी आवाजाची चाचणी होती. महिनाभर ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होती, थंड काही पीत नव्हती. पण मला एकटीला डोंगरावर सोडायला आई तयार नव्हती. मी ताईला म्हटलं, चल ना, एकच दिवस. ती गळ्याला मफलर गुंडाळून आली.

हौशी रेडिओवाल्यांमध्ये नियम असा आहे की शिखरावरून चार ठिकाणच्या माणसांशी बोलणं झालं, तरच ते शिखर तुमच्या नावावर लागतं. भोरकडा अजून कुणाच्याच नावावर नव्हता. प्रत्येक बोलण्यात दोघांनी एकमेकांना दोन आकडे सांगायचे. पहिला, आवाज पाचपैकी किती स्पष्ट आहे. दुसरा, नऊपैकी किती जोरात आहे. जोर संचावरची सुई दाखवते. पण सुईकडे कुणी बघत नाही. सगळे सगळ्यांना पाच-नऊच सांगतात. लग्नघरात जेवण कसं झालं असं विचारल्यावर जे सांगतात, तसंच ते आहे.

संचावर पहिले सोलापूरचे गृहस्थ आले. सुई सहावर होती.

"तुम्ही पाच-नऊ," मी म्हणाले.

लगेच त्यांचा आवाज वाढला. सुई नऊवर गेली आणि तिथेच राहिली. माझ्या मागे ताई म्हणत होती, "इरे, तुझ्या त्या तारेला माझा मफलर..." आणि वाक्याच्या मध्येच ती लांब गेल्यासारखी वाटली. मी वळून पाहिलं. ती तिथेच होती.

मी हातसंच तिच्या तोंडासमोर धरला आणि तिला बोलायला सांगितलं. मोठ्या संचाची सुई सहावर थांबली.

"घसा बसला वाटतं," ताई म्हणाली. "आईला सांगू नकोस. मला हळदीचं दूध पाजून मारेल."

दुसरे इंदूरचे होते. सुई पाचवर. मी सुई पाहिली होती, तरी तोंडातून पाच-नऊच गेलं. ताई दोनवर आली. ती पाणी प्यायली त्याचाही आवाज आला नाही. तिने थालीपिठाचा डबा दगडावर आपटून पाहिला. डबाही वाजला नाही. ती हसली. दात दिसले.

माझा आवाज कमी होत नव्हता. माईक माझ्या हातात होता.

मी बॅटरी काढायला हवी होती. ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन बोटं दाखवली. दोन झाले, असं तिला म्हणायचं असावं. किंवा दोन उरला. मी विचारलं नाही.

तिसऱ्या वेळी मी ठरवून सुई वाचली.

"तुम्ही पाच-सात," मी म्हणाले.

"सात?" ते अकोल्याचे होते. "मॅडम, मी तीस वर्षं करतोय हे. मला आजवर कुणी सात दिला नाही. काही चुकलं का आमचं?"

"नाही, नाही."

"आम्ही तुम्हाला नऊ दिला. तुम्ही ऐकू येत नव्हता, तरी दिला."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. "माफ करा," मी म्हणाले, "पाच-नऊ."

"हां, आता कसं."

ताईचे ओठ हलत होते. मी हातसंच तिच्या ओठांना टेकवला. सुई शून्यावरून हलली नाही.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. एकीकडे वाढतं ते दुसरीकडे कमी होतं, तर उलटही होत असलं पाहिजे. खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगितला तर उरलेला परत यावा. त्यासाठी कुणीतरी जोरात ऐकू येणारं हवं होतं. बॅटरीची आता एकाच बोलण्यापुरती खात्री होती, आणि चौथं बोलणं अजून व्हायचं होतं. या दोन गोष्टी मी एकदमच मनात आणल्या.

मी हाक दिली. बेळगावहून एक आजी आल्या. सुई नऊला टेकली.

"एकटीच गेलीस काय गं डोंगरावर?"

"ताई आहे बरोबर."

"मग बोलंना झालीय का ती?"

"तिचा घसा बसलाय."

"आल्याचा तुकडा दाढेत धर म्हणावं तिला. काय खाल्लीस तू?"

"थालीपीठ."

"लोणी घेतलीस काय त्याच्यावर? बरं, ऐक. अकराला माझा लेक येतोय हितं रेडिओवर, जहाजावरनं. रोज येतोय. तोवर बोलत बस की माझ्याशी. मला किती दिलीस?"

घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती. ताई समोरच्या दगडावर बसून माझ्याकडे पाहत होती. तिने नकारार्थी मान हलवली. हे मी स्पष्ट पाहिलं.

शून्य द्यायची पद्धत नाही. सर्वांत कमी एक देता येतो.

"आजी," मी म्हणाले, "तुम्ही पाच-एक."

"एक? एक कसं होईल गं, मी तर..."

पुढचं ऐकायला मी कान संचाला लावला. तिथे डबीत बंद केलेल्या मुंगीएवढं काहीतरी बोलत होतं. मग मी संच खाली ठेवला आणि चौथं बोलणं वहीत नोंदवलं. भोरकडा माझ्या नावावर लागला.

"वही मिट ती," मागून कुणीतरी म्हणालं, "आणि खाऊन घे. सकाळपासनं काय खाल्लीस तू?"

मी वळले. माथ्यावर ताईशिवाय कुणी नव्हतं. ती मफलर सोडत होती.

"अशी काय बघायलीस गं?" ती म्हणाली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अकरा वाजले. संचातून एका पुरुषाचा आवाज आला. मागे इंजिनाची घरघर होती.

"आई? आई, मी आलो. ऐकू येतंय का?"

त्याच्या हाकेखाली, फार खोल, ती मुंगी बोलत होती. तो पुन्हा म्हणाला, "आई?"

ताई उठली. माझ्या हातातून माईक घेतला. मी तो घट्ट धरला नव्हता.

"येतंय रे बाळा," ती म्हणाली. "जेवलास काय?"

मी हातसंच तिच्या तोंडासमोर धरला. सुई आठवर थांबली.