चालवून बघायचं

कोंडूला गप्पांचा फार नाद, हे मुरबाडकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाजाराला निघाला की आधी रस्त्यावरच्या मोरीपाशी थांबायचा, मग कमळाकरच्या गोठ्यापाशी, मग पारूआत्याच्या ओट्यापाशी. "काय गो आत्या, भात झोडून झालं का?" आत्याचं उत्तर लांबलं की हा आणखीच खूश. बायको काशी पिशवी घेऊन पुढे निघून जाई आणि वळणावर उभी राहून तोंडाचा पट्टा सोडी. "जगाशी बोलाया यांना टाइम हाय. घरात मातर तोंडाला कुलूप."

यंदा दसऱ्यानंतर तो उजव्या पोटरीला गुपचूप तेल चोळू लागला, तेव्हा मात्र तिला शंका आली. "वात हाय," एवढंच तो म्हणाला. मुलगा हरेश त्याला ओढतच ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर योगिनी यांनी त्याला झोपवून पायाचा रक्तदाब घेतला, पण झोपलेला पाय धड काही सांगेना. दुखणं कमरेतल्या नसेचं की पायाच्या रक्तवाहिनीचं, हे चालतानाच कळेल, असं म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली.

कोंडू काही हलायला तयार होईना. दर पौषात म्हसा गावच्या जत्रेला तो आपला खोंड चालवत नेई आणि पिकअपमधून बैल आणणाऱ्यांना पोटभर नावं ठेवी. आता आपल्याच पायात खोट निघाली, तर दावं हरेशच्या हाती जाणार आणि आपली रवानगी पिकअपमध्ये होणार, या धास्तीने त्याला जेवण गोड लागेना. काशीने हे न सांगता ओळखलं होतं.

"जत्रेत बैल उभ्याउभ्या पारखता का तुमी?" तिने भाकरी थापता थापता विचारलं.

"खुळी का तू? उभा बैल समदाच चांगला दिसतो. चालवून बघायचा."

"मंग उद्या तुमाला चालवून बघणार हायेत. कपडे काढून ठेवलेत."

सकाळी त्याने ते कपडे चढवले.

दवाखान्यात त्याच्या छातीवर एक आणि दोन्ही पायांवर वरखाली अशा बारीक चकत्या चिकटवल्या. त्यासाठी पोटऱ्यांवरचे केस भादरले, त्याचा त्याला फार राग आला. चकती कातडी थोडी गरम करते आणि तिथवर पोचणारा प्राणवायू मोजते, योगिनीबाईंनी काशीला सांगितलं. चालताना पायाला रक्त कमी पडलं तर पडद्यावर पायाची रेघ खाली उतरते, छातीची जागेवर राहते.

पायाखालचा फिरता पट्टा सुरू झाला. कोंडू जागच्या जागी चालू लागला आणि काशीने तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. उजव्या पोटरीची रेघ उतरू लागली होती. नेमकी तेव्हाच कोंडूने मान वळवली.

"बाई, गाव कुठलं तुमचं?"

"सातारा."

"मंग यंदा पाऊस कसा झाला तिकडं?"

रेघ आणखी खाली गेली.

"घरी कोन कोन असतं?"

काशीचं हसू थांबलं. मोरी, गोठा, पारूआत्याचा ओटा, सगळं तिला एका दमात दिसलं.

"थांबवा ते, बाई," ती म्हणाली. "यांना दुखतंय. दुखलं का हे लोकांची चौकशी करत्यात."

पट्टा थांबला. आपण वळणावर उभं राहून किती बोललो, हे आठवून तिला फार वाईट वाटलं. "मला सांगायचं नाय का?" तिने हळूच विचारलं.

"तू दावं हरेशला दिलं असतंस."

"दिलं असतं," ती खरं तेच बोलली.

रक्तवाहिनी अरुंद झाली होती. सध्या कापाकापी नको, योगिनीबाई म्हणाल्या. गोळ्या घ्या, विडी सोडा आणि रोज चाला. चांगलं दुखलं की थांबा, कळ गेली की पुन्हा चाला.

"मंग म्हशाला चालत जाऊ?"

"हळूहळू सवय वाढवा आणि जा. पण थांबत थांबत."

"थांबायचं मला नका शिकवू, बाई."

पौषात तो खोंड घेऊन निघाला, आणि यंदा काशीही बरोबर निघाली. फाटा ओलांडल्यावर त्याची चाल मंदावली. हात खोंडाच्या पाठीवर गेला. तेवढ्यात मागून कमळाकरची पिकअप आली आणि त्याने डोकं बाहेर काढलं.

"काय कोंडूदादा, दमलास का रे?"

कोंडूने तोंड उघडलं, पण कळ एवढी होती की चौकशीलाही शब्द फुटेना. काशीने रस्त्यातच पिशवी खाली ठेवली.

"बरा भेटलास, कमळाकर. तुझी सारिका माहेरपनाला आली म्हनं. बाळ कुनावर गेलंय? आन् बारसं कधी?"

कमळाकरने इंजिन बंद केलं आणि तो नातवाचं कौतुक सांगू लागला. काशी एकामागून एक विचारत राहिली, कोंडूकडे तिने वळूनही पाहिलं नाही. खोंडाला टेकून तो उभा होता. हळूहळू त्याची मान सरळ झाली आणि त्याने दावं हातात गुंडाळलं.

"चल गो काशे," तो मोठ्याने म्हणाला. "किती बोलशील? जगाशी बोलाया बरा टाइम हाय तुला."

काशीने पिशवी उचलली आणि मुकाट्याने त्याच्या मागून चालू लागली.