केळ्याचा वास

दापोड्याच्या त्या गोदामांत एक रीत पडून गेली होती. तपासणीवाले येतायत असा फोन आला, की शटर खाली ओढायचं, बाहेरून कुलूप घालायचं आणि मेन स्विच पाडायचा. आत जो असेल तो आत. साहेबांची गाडी गेली की उघडायचं.

त्या दिवशी आत दत्तू होता आणि बायडी होती.

गाळा कागदावर कापडाचा, पण आत सगळे केमिकलचे ड्रम. मागच्या कोपऱ्यात विटांची एक खोली होती. तिचं दार गाळ्यातच उघडायचं. कामाबरोबर दत्तूला ती राहायला मिळाली होती. तिथंच या उन्हाळ्यात त्याची बायको चंद्रा गेली. बायडी पडघ्याच्या पुढच्या पाड्यावरची, रोजंदारीवर नवीनच लागलेली.

"दादा, आपल्याला कोंडलं काय?" तिनं अंधारात विचारलं.

"हळू बोल. उघडतील थोड्या वेळात."

"न्हाय उघडलं त?"

"उघडतात. मी कधी राहिलोय का आत?"

"तुमी आतच ऱ्हाता ना."

बाहेर गाडी थांबली. मॅनेजर विकीचा गोड आवाज आला, "साहेब, ये गाला तो बंद है. पार्टी गावाला गेलीय."

शटरच्या खालच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती, तेवढीच. पत्रा तापला होता. बायडीनं नाक ओढलं.

"दादा, हितं केळी ठेवलीत काय? पिकल्याचा वास मारतोय."

दत्तू अंधारात ड्रमांकडे वळला. त्याला कसलाच वास येत नव्हता. थिनरमध्ये वर्षं घालवून त्याचं नाक कधीच मेलं होतं. वास घ्यायचं काम चंद्राचं. संध्याकाळी तो खोलीत आला की ती त्याचा शर्ट हुंगायची. "आज केळीवाला सांडला वाटतं," म्हणायची. नाहीतर, "आज दवाखाना." ड्रमांना नावं तिनंच पाडली होती. तिनं सांगितलं की दत्तू दुसऱ्या दिवशी गळका ड्रम शोधून बाजूला काढायचा.

त्याचा पुतण्या मिलिंद औषधाच्या कंपनीत होता. त्यानं एकदा समजावलं होतं, केळं पिकताना स्वतःच्या आत जे तयार करतं, तेच कारखान्यात बनवून या ड्रममध्ये भरतात. ते रंग बनवायला लागतं, औषधाच्या कारखान्यातही लागतं, आणि ठेवायला लायसन लागतं. "मग केळीवाल्यालाही लायसन लागेल का रे?" असं विचारून चंद्रा किती वेळ हसत होती. मिलिंद म्हणाला होता, वास येतो म्हणजे ती वस्तूच उडून नाकात येते. हलकं आधी उडतं, तेलासारखं जड मागं राहतं.

ती गेल्यावर दत्तूला ते आठवलं. तिनं शेवटची नेसलेली साडी त्यानं न धुता पिशवीत घातली आणि वर गाठ मारली. त्याला त्यातला कसलाच वास येत नव्हता. पण तिचा वास आत आहे, एवढं पुरे होतं.

"माझं पाय भिजलं," बायडी म्हणाली.

मघाशी एक ड्रम आडवा करून गडगडत नेताना तपासणीचा फोन आला होता. ड्रम तसाच राहिला आणि त्याचं बूच ढिलं झालं. दत्तूनं चाचपडत तो शोधला. दोघांनी रेटून बूच वर येईल असा फिरवला. पण सांडायचं ते सांडलं होतं. बायडी खोकायला लागली, मग मटकन खाली बसली.

"डोस्कं फिरतंय."

"बसू नकोस. खालीच साचतं ते. ऊठ."

शटर चार पावलांवर होतं. वाजवलं की साहेब आत येणार, गाळ्याला सील लागणार. खोलीलाही. मग दत्तूनं जायचं कुठं? चंद्राचं अंथरूण, तिची चूल, ती पिशवी, सगळं इथंच. गप्प बसलं तर विकी उघडेल, नेहमी उघडतो. तो उभाच राहिला. बाहेर साहेब निवांत बोलत होता, चहाचं विचारणं चाललं होतं.

"दादा, माझी पोरगी लहान हाय," बायडी म्हणाली आणि अंधारात तिनं पहार उचलली.

"लोखंड नको!" दत्तू ओरडला. "ठिणगी पडंल!"

त्यानं तळहातांनी शटर बडवायला सुरुवात केली.

"ये क्या है?" बाहेरून साहेब.

"उंदीर आहेत, साहेब. इथं फार मोठे होतात."

"उंदीर न्हाय!" बायडी ओरडली. "मानसं हायत!"

बाहेर धावपळ झाली. विकी म्हणाला, "थांबा, मेन चालू करतो, मोटरनं उघडतो."

"बटण दाबू नको, विकी! सगळे जळू! कुलूप काढ नि साखळीनं उचल!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग साखळी खडखडली आणि पायांवर ऊन पडलं.

आत हवा खेळू दिली. गाळ्याला सील लावण्याआधी साहेबानं दत्तूला विचारलं, आतून काही घ्यायचंय का. दत्तू तोंडाला फडकं बांधून गेला आणि फक्त पिशवी घेऊन आला. विकी दुरून म्हणाला, "घर गेलं तुझं, काका. खूश?"

दत्तूनं रस्त्यापलीकडे बसलेल्या बायडीपुढे गाठ सोडली. "बघ गं, कसला वास येतो."

तिनं साडी नाकाला लावली. "केळ्याचा," ती म्हणाली.

ड्रममधलं ते पिशवीची गाठ अडवू शकली नव्हती.

बायडीनं पदर उलगडला, डोक्यावर येतो तिथं पुन्हा हुंगलं. "हितं तेल हाय, दादा. खोबऱ्याचं. थोडंसं."

चंद्रा रोज चपचपीत तेल लावायची.

दत्तूनं साडी घेतली, पूर्ण उलगडली आणि हलकं तेवढं उडून जावं म्हणून कुंपणाच्या तारेवर वाऱ्याला टाकली. मागून कंटेनर जात होते, साडी फडफडत होती. साडीच उडून जाऊ नये म्हणून त्यानं एक टोक मुठीत धरलं आणि तो तिथंच उभा राहिला.