पहिल्या पाण्याचा मान

"सुब्ब्या! बाहेर ये! माझ्या द्राक्षांत पाणी सोडलंस आणि वर इडली गिळत बसलास काय रे?"

सत्यनारायणराव सुब्रह्मण्याच्या दारात उभा राहून असा वरडला की तारेवरचे कावळे उडाले आणि आम्ही गल्लीतले सगळे दात घासायचे सोडून बाहेर आलो. आमचं गाव तंजावुराकडचं, पापनाशमच्या अलीकडं. चहूकडे भात, मधून कावेरीचा पाट, आणि मराठी बोलणारी घरं उरली चार. त्यातली दोन भांडायला लागली म्हणजे अर्धा समाज भांडला की हो.

सुब्बू बाहेर आला. बोटांना चटणी तशीच.

"सत्या, आत ये की. खाऊन भांड."

"तुझ्या माझ्यातला बांध फोडलेला आहे. फावड्याचा ताजा घाव दिसतोय. मळ्यात पाय टाकला तर घोट्यापर्यंत आत गेला! आज ती वाइनवाली बाई यायची, आजच!"

"बांध मीच फोडला," सुब्बू म्हणाला आणि हात धुवायला लागला.

"ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत? जळतो रे तू माझ्यावर. जन्मभर भात लावलास, दुसऱ्याचं चार पैशाचं पीक बघवत नाही तुला. चोरा!"

सुब्बूची बायको सुंदरी काही बोलायला पुढं आली तर सुब्बूनं तिला डोळ्यानंच थांबवलं. आम्हांस वाटलं, गडी खरंच गुन्हेगार दिसतोय.

आता ह्या द्राक्षांचं काय ते सांगतो, म्हणजे तुम्हांस कळेल.

सत्या नाशिकला एका लग्नाला गेला होता. तिथल्यांनी त्याला वाइनच्या द्राक्षांचे मळे दाखवले, उतारावरची मुरमाड जमीन दाखवली, रात्रीची थंडी कशी फळात रंग आणि आंबटपणा धरून ठेवते ते समजावलं. सत्यानं सगळं ऐकलं आणि तेवढं सोडून बाकीचं घेऊन आला. म्हणजे वेल आणले. थंडी आणि मुरूम राहिले तिकडंच.

आमच्या मातीत पावसाचं पाणी शिरलं की पाहुण्यासारखं बसतं, जातो म्हणत नाही. रात्र तर अशी की उशी पिळावी. पण सत्यानं हार मानली नाही. मातीचे उंच वरंबे घातले. घरातला उभा पंखा नेऊन मळ्यात लावला, वेलांना गार झोप लागावी म्हणून. बायको विजयलक्ष्मी घरात विंझणा घेऊन बसली. एकदा पंख्याच्या पात्यात वेल गुंडाळला आणि पंखा वेलासकट पाटात जाऊन पडला, तेव्हा कुठं घरात नवा पंखा आला आणि ती झोपायला मोकळी झाली.

सगळ्यात मोठी गंमत पाण्याची. सत्या सांगायचा, "वेल तहानलेला ठेवायचा. तोडणीच्या आधी पाणी तोडलं की साखर दाट होते, साल जाड होते. ह्याला शास्त्र म्हणतात."

टपरीवर चहा ओतता ओतता वेंकटेश विचारायचा, "राव, मग मालकाला पण चहा देऊ नको काय? गोड होईल!"

आमच्या कावेरीकाठी कोरडं शेत म्हणजे घरात आजारी माणूस. पाटात पाणी खेळतंय आणि मधेच सत्याचा मळा भेगाळलेला, पानं मलूल. कोणास बघवेना. सत्याची अत्या गंगाबाई, वय झालेली, कंबरेत वाकलेली. ती रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या कुंपणावरनं वेलाच्या बुडात ओतायची. सत्यानं तिला एकदा धरलं.

"अत्या! माझा नाश करतेस!"

"अरे, जीव आहे त्यात. तहानेनं कोण गोड होतं रे?"

"तुज काही कळत नाही. परत इकडं यायचं नाही!"

म्हातारी तांब्या घेऊन घरी गेली. सत्यानं फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली. आणि खरं सांगायचं तर घड धरले की हो! काळे, बारीक, घट्ट. सत्यानं थेनीकडच्या एका वाइन कारखान्यात फोन केला. तिथनं सुप्रभा म्हणून एक बाई माल बघायला येते म्हणाली. माल पसंत पडला तर दर वर्षीचा करार. सत्यानं गावभर सांगितलं. मग आडिपेरुक्कुचा सण झाला, आणि दुसऱ्याच दिवशी तंजावुरास जाऊन राजवाड्याजवळच्या गल्लीतल्या सगळ्या नातेवाइकांस सांगितलं. तिथंच चार दिवस राहिला, कारण सांगून संपेना. आणि आज सकाळी परत येऊन कुलूप उघडतो तर मळ्यात चिखल, आणि घडातले मणी फुगून टराटर फुटलेले. त्यांवर माशा.

म्हणून तो सुब्बूच्या दारात.

भांडण रंगात होतं तोवर सुप्रभाबाईंची गाडी आली. सत्यानं बाईंना तसंच मळ्यात नेलं. मागनं सगळा गाव. बाईंनी एक घड हातात घेतला, मणी दाबला, रस साखर मोजायच्या एका नळीच्या काचेवर टाकला आणि नळी उजेडाकडं धरून डोळ्याला लावली. आम्ही श्वास धरून.

"रस पातळ झालाय," बाई हळू म्हणाल्या. "पिकायच्या वेळेस मुळांना भरपूर पाणी मिळालं. आंबटपणाही उरला नाही, इथल्या रात्री फार गरम. आणि ही बुरशी बघा. सॉरी सर, ह्याची वाइन नाही होणार."

"पाणी मिळालं नाही, दिलं!" सत्या गरजला. "ह्या माणसानं! ह्या सुब्ब्यानं! तुमच्यासमोर सांगतो!"

बाई बिचाऱ्या गोंधळल्या. विजयलक्ष्मीस वाटलं, पाहुणीसमोर नवऱ्याची शोभा होतेय, काहीतरी चांगलं दाखवावं. तिनं फोन काढला.

"ते असू द्या हो. हे बघा, आडिपेरुक्कुच्या दिवशी आमच्या ह्यांचा मान! आमच्या लेकीनं, शांभवीनं काढलाय व्हिडिओ."

आडिपेरुक्कु म्हणजे आमच्याकडं नदीच्या नव्या पाण्याचा सण. बायका काठावर चित्रान्न, म्हणजे रंगीबेरंगी भात, घेऊन जातात, नदीस काळे मणी वाहतात. आणि आमच्या गावची रीत अशी की त्या दिवशी पाटाची पहिली माती सत्याच्या घराण्यानं फोडायची. पहिलं पाणी त्यांच्या शेतात, मग गावाच्या.

व्हिडिओ चालू झाला. सनईसारखा नादस्वरम वाजतोय. सत्या जरीच्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गळ्यात हार, हातात हळदीकुंकू लावलेलं फावडं. सगळे वाकून बघायला लागले. सत्याही वाकला, आपला हार बघायला.

फोनमधला सुब्बू त्याचा दंड धरतोय. "अरे सत्या, इथं नको! ह्या तोंडाचं पाणी तुझ्या द्राक्षांत जातं!"

फोनमधला सत्या हात झटकतोय. "गप रे! माझ्या आजोबानं इथंच फोडलं, बापानं इथंच फोडलं. मुहूर्त चुकवतोस? फोटो नीट काढ गं!"

आणि घाव. एक, दोन. माती फुटली, पाणी खळाळत निघालं. टाळ्या. पाणी सरळ कुलपाखालनं मळ्यात शिरताना स्पष्ट दिसत होतं. सत्या कॅमेऱ्याकडं बघून हसत होता, आणि आम्ही सगळे पाणी सोडून सत्याकडं बघत होतो.

नादस्वरम वाजतच राहिला. बंद कसा करायचा ते विजयलक्ष्मीस सुचेना.

कोणी हसलं नाही हो. हसलं असतं तर बरं. सत्यानं मान खाली घातली, नजर स्वतःच्या चिखलानं भरलेल्या पायांवर.

मग सुंदरीच्यानं राहवलं नाही. "सांगू देत नव्हते मज. अण्णा, तुमचं कुलूप, आत जाता येईना. पाणी तुंबलेलं दिसलं तशी ह्यांनी आमच्या बाजूनं बांध फोडला आणि ते पाणी आमच्या वाफ्यात घेतलं. आमची भाताची रोपं गेली सगळी. जाऊन बघा."

सत्या बघायला गेला. खालच्या अंगाला सुब्बूचा रोपांचा वाफा. हिरव्याच्या जागी पिवळा गाळ.

"आधी का नाही बोललास?" सत्या गाळाकडं बघत म्हणाला.

"माझ्या दारात लोक जमवलेस तू," सुब्बू म्हणाला. "बोललो असतो तर त्यांच्यासमोर तुझं तोंड कुठं राहिलं असतं? म्हटलं, मलाच शिव्या घालू दे, दम लागला की जेवायला येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सत्या निघाला. ओरत्तनाडूच्या वाटेपर्यंत गावागावांत फिरला, उरलेली रोपं मागत. स्वतःसाठी नव्हे, सुब्बूच्या शेतासाठी. पण व्हिडिओ त्याच्या आधी पोचला होता. जाईल तिथं लोक रोपांच्या जुड्या द्यायचे, वर विचारायचे, "राव, हार कुठाय?" "राव, आमचा पण पाट फोडून देता काय?" एकीनं तर फोन काढून "जरा हसा की" म्हटलं. सत्या मान हलवायचा, जुडी डोक्यावर घ्यायचा, पुढं चालायचा. रिक्षा केली नाही. वेंकटेशनं ट्रॅक्टर देऊ केला, तोही घेतला नाही.

उन्हानं करपून, मानेवरनं गाळ ओघळत, तो परत आला तेव्हा सुब्बूच्या बांधावर आम्ही सगळे होतो. जुड्या खाली ठेवल्या आणि तिथंच बसला. घसा असा कोरडा की सुब्बूला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, शब्दच येईना.

गंगाबाई वाकत वाकत पुढं आली. तोच तुळशीचा तांब्या पुढं केला.

"पी रे," म्हातारी म्हणाली. "तू काय वेल आहेस, तहानून गोड व्हायला?"