जगाच्या वाट्याची पऱ्हाटी

"हात लावू नको त्या पऱ्हाटीले!" शेताचे मालक भैयाजी बांधावरूनच ओरडले. अन्नपूर्णेनं डोक्यावर चढवलेला भारा धाडकन खाली टाकला.

"काऊन जी? कापूस आमी येचला. येचनाऱ्या बाईले पऱ्हाटी, हे काय आजचं हाये?"

खरंच होतं ते. रोहणा गावात कापूस सरला की कपाशीची वाळकी झाडं, म्हणजेच पऱ्हाटी, उपटून न्यायची ती वेचणाऱ्या बायांनीच. वर्षाची चूल त्यावर. सिलिंडर तिच्याकडेही होतं म्हणा, रिकामं. त्यावर पाण्याची कळशी ठेवायची ती.

पण यंदा भैयाजींनी एका कंपनीशी करार केला होता. "याचा कोळसा करून मातीत गाडाचा हाये, म्हंजे धूर हवेत जात नाही. तुमच्या चुलीच्या धुरानं जगाची हवा गरम होऊन राह्यली, समजलं?"

"अवं माय! माह्या चुलीनं?" अन्नपूर्णेला हसावं की रडावं कळेना. "मंग जगालेच सांगा, माह्या घरी भाकर धाडाले."

दुसऱ्या दिवशी कंपनीचं काम पाहायला परदेशातले पाहुणे आले. एसी चालू ठेवूनच गाडी बांधाशी उभी राहिली. कंपनीच्या साहेबानं खड्ड्यात पऱ्हाटी रचली अन्, आता बोला, काडी लावली!

"सायब, हे बी जळूनच राह्यलं ना?"

"बाई, हे शास्त्रीय जळणं आहे."

अन्नपूर्णा तणतणत घरी गेली आणि तुरीच्या डाळीचं पातेलं, तिचा मोठा गंज, घेऊन आली. खड्ड्यावर सळाखी आडव्या टाकून तिनं तो चढवला. तिचं पाहून सोबत कापूस वेचणाऱ्या सरितानं भात आणला, कोणी तवा आणला. पाहुणे फोटो काढून थकले. साहेब म्हणाला, "लोकसहभाग!"

"जेवूनच जा जी आता," अन्नपूर्णा म्हणाली. पाहुणे लगेच मांडी घालून बसले.

तेवढ्यात साहेबानं पाण्याची बादली उचलली. निखारे वेळेत विझवले तरच कोळसा, नाही तर नुसती राख.

"थांबा ना सायब! डाळ कच्ची हाये. पाव्हन्याइले कच्ची वाढू काय?"

साहेबानं पाहुण्यांकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं, आणि बादली गुपचूप खाली ठेवली.

पाहुणे बोटं चाटत गेले. खड्ड्यात राख उरली. साहेब चिडून म्हणाला, "उद्या दुसरा खड्डा पेटवू."

"पेटवा ना जी. उद्या वांगे आनतो. तुमी रोज पेटवा, आमी रोज येतो."

भैयाजींनी कपाळावर हात मारला. "अन्नपूर्णे, ने बाप्पा तुहा भारा!"

"मी एकटीच?" ती जागची हलली नाही. "अन् या बाकीच्यायच्या चुली काय थंड हायेत?"