शंभरावी खूण

मी बाटलीतला हिरवा उजेड बोलतोय. बाटली बोटभर. आतल्या द्रवात डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी स्फटिक आहेत, तेच मी. जांभळा टॉर्च मारला की मी हिरवागार पेटतो. म्हणजे पेटायचो.

मला ताईने घडवलं. कढत तेलात तिने इंजेक्शनची सुई रिकामी केली, पाच आकडे मोजले आणि भांडं बर्फात दाबलं. झाला जन्म! आमच्यापासून टीव्हीचे पडदे, दिवे करायचे म्हणे. पण जीव तोळामासा. दमट हवा लागली की विझलो. माझ्याआधीच्या एकेचाळीस बाटल्या अशाच गेल्या.

ताईचा धाकटा भाऊ नळ दुरुस्त करतो. तो प्रयोगशाळेत डबा घेऊन आला की ती दारातच ओरडायची, "हात पुस आधी, पाणघोड्या! माझी लेकरं मरतील."

"आणि तू किती वास मारतेस गं! रंगाचं दुकान नुसतं."

तो वास माझ्या द्रवाचा. तिच्या केसांत, कपड्यांत मुरलेला.

ताईने वहीत शंभर चौकोन आखले होते. मी पेटलो की रोज एक खूण. "हा शंभर दिवस टिकला ना, तर मी जिंकले," म्हणायची. एकसष्ट खुणा झाल्या आणि तिला ताप आला. चार दिवसांत ताई गेली.

तेवढे दिवस प्रयोगशाळेतल्या तिच्या मैत्रिणीने खुणा केल्या. मग भाऊ आला. त्याने वही उचलली, मला उचललं. "उरलेल्या मी करतो."

मैत्रीण म्हणाली, "अरे, आत शिसं आहे. घरी नेतात का असं? निदान उघडू तरी नकोस!"

ऐकतोय कोण? मी त्याच्या पान्यांशेजारी फळीवर राहू लागलो. रोज खूण करायचा. पण त्याआधी ओल्या हातांनी झाकण काढायचा, डोळे मिटून बाटली नाकाशी धरायचा. मी दिवसेंदिवस मंद होत गेलो. त्याला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण त्याचा चेहरा बघून तेही जमेना.

परवा मैत्रीण आली. टॉर्च मारून बघताच म्हणाली, "उघडतोस ना?"

तो माझं झाकण घट्ट पिळू लागला.

"बोल की!"

"ताईचा वास येतो."

ती स्टुलावर बसली. म्हणाली, "वेड्या, त्यानेच विझतोय रे तो."

तो ताडकन उठला. नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप आणली आणि माझ्या झाकणाखाली करकचून गुंडाळली. तेव्हापासून झाकण उघडलेलं नाही. बाटली उचलतो, नाकाशी नेतो, तशीच खाली ठेवतो.

आज नव्व्याण्णव खुणा झाल्या. मी फार थकलोय, भावा. उद्या खिडकी लावून घे, टॉर्च अगदी जवळ धर. एकदा पेटतो, कसाबसा. खूण कर, आणि मला प्रयोगशाळेत परत देऊन ये.

मग हात ओले झाले तरी पुसू नकोस.