न ओढलेली काडी

कुंडलिक तुरुंगातून सुटून केमला, आमच्या गावी, आला त्याला महिना झाला असेल. एक दिवस त्याची बायको येसूबाई माझ्याकडे आली. कुंडलिक चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. ती उंबऱ्यापाशी बसली आणि म्हणाली, "गुरुजी, आता त्यो म्हनतो, आग मीच लावली."

दुष्काळाच्या साली गावातल्या महिपतीच्या कडब्याची गंज रात्री पेटली आणि राखणीला झोपलेला म्हातारा रावजी तिच्यात जळून गेला. त्याच दिवशी सकाळी कुंडलिक बैलासाठी चार पेंढ्या मागायला गेला होता. महिपतीनं नाही म्हटल्यावर तो भर रस्त्यात बोलून गेला होता, लागू दे आग तुझ्या गंजीला. पळताना मी त्याला पाहिला, असं महिपतीनं कोर्टात शपथेवर सांगितलं. कुंडलिकला जन्मठेप झाली. पुढे काही वर्षांनी एक चोर भलत्याच गुन्ह्यात सापडला. कडबा चोरताना आपल्याच विडीनं ती गंज पेटली, हेही त्यानं कबूल केलं, आणि वरच्या कोर्टानं कुंडलिकला निर्दोष सोडलं.

घरी आलेला कुंडलिक पाणी प्यायचं तरी येसूबाईला विचारी. तिनं चुलीपुढे काडी ओढली की उठून बाहेर जाई. आता महिपतीच्या पाया पडून कबुली द्यायची, असा हट्ट त्यानं धरला होता.

"त्या राती माज्या शेजारी झोपला व्हता की," येसूबाई म्हणाली. "मी कोर्टात बी तेच सांगितलं. आता त्योच म्हनतो, तू माज्यासाठी खोटं बोललीस."

मी त्याच्याकडे गेलो. त्यानं शांतपणे सगळं सांगितलं. काडीपेटी कुठं होती, वारा कुठून होता, पहिली काडी कशी विझली. तुरुंगात डोळे मिटले की रोज हेच दिसायचं म्हणाला. "आदी न्हाय म्हनायचो, गुरुजी. मग वाटलं, एवढी मानसं म्हनत्यात, ती काय येडी हायत?"

हे मी वर्गात पाहिलेलं आहे. पाचजणांनी एखाद्या पोराला 'पेन्सिल तूच घेतलीस' म्हणून घेरलं, की संध्याकाळपर्यंत ते पोर आपलंच दप्तर उचकटू लागतं. तेव्हा त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. येसूबाई आणि मी त्याच्या बाजूची माणसं. आमच्या शब्दाचं वजन त्याच्या लेखी उरलं नव्हतं. मी म्हणालो, जायचं तर चल, मीही येतो.

वाटेत मला भीती एकच होती. कुंडलिकनं कबुली दिली आणि महिपतीनं ती मुकाट्यानं घेतली, तर महिपतीची साक्ष खरी ठरत होती. त्याला फक्त गप्प बसायचं होतं.

पौष महिना होता. महिपतीच्या रानात हुरडा चालला होता. आगटीभोवती आठ-दहा माणसं बसली होती. आम्हाला पाहून बोलणं थांबलं. धोंडिराम नावाचा एक थट्टेखोर गडी तेवढ्यात म्हणाला, "या गुरुजी. हुरड्याला आवतन लागत न्हाय, पर दात लागत्यात."

कोणी फारसं हसलं नाही. कुंडलिक सरळ महिपतीपुढे गेला आणि उकिडवा बसला.

"तात्या, गंज म्या पेटवली. रावजीबाबाला म्या मारलं."

महिपतीच्या हातात गरम कणीस होतं. ते तो चोळत राहिला, दाणे खाली सांडले तरी चोळत राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"म्या तुला बगितलाच न्हाय," तो म्हणाला.

कुंडलिकला ते कळलंच नाही. तो पुन्हा पाया पडायला वाकला. महिपतीनं त्याचे खांदे धरले.

"अंदारात कोनतरी पळालं. नुसती पाठ दिसली. सकाळचं तुजं बोलनं डोक्यात व्हतं. फौजदारानं इचारलं कोन, मी तुजं नाव सांगितलं."

"आन कोर्टात?"

"कोर्टात बी तेच रेटलं. मागं कसं फिरू, म्हनलं."

कुंडलिक उभा राहिला.

"परत म्हन."

महिपती परत म्हणाला.

"माज्याकडं न्हाय. तिकडं, मानसांकडं तोंड कर."

महिपती त्याच्यापेक्षा वयानं मोठा, गावात मान असलेला. त्याला असं अरे-तुरे करताना मी कुंडलिकला कधी ऐकलं नव्हतं. महिपती उठला, लोकांकडे वळला आणि सगळं पहिल्यापासून बोलला. कोणी हुरड्याला हात लावला नाही. कुंडलिकनं शेवटपर्यंत ऐकलं आणि माझी वाट न बघता तो घराकडे चालू लागला.

त्यानं तो बरा झाला, असं मी सांगणार नाही. पुढच्याच आठवड्यात येसूबाईनं निरोप धाडला, रात्री पुन्हा तेच म्हणत होता. मी त्याला महिपतीच्या रानात घेऊन गेलो. पुढे तो एकटाच जाऊ लागला, कधी पेरणीत, कधी भर उन्हात. त्याला बांधावर पाहिला, की महिपती हातातलं काम ठेवी, जवळ येई आणि म्हणे, "म्या तुला बगितलाच न्हाय, कुंडलिक." आजूबाजूला कोणी असलं तरी म्हणे.