क्रुएल्टी, पान दोनशे चौदा

शब्दकोश हा समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीचा आरसा असतो, असं आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या प्रस्तावनेत पहिल्याच ओळीत म्हटलेलं आहे. ती प्रस्तावना मागच्या आवृत्तीवरून उतरवून घेतली होती, आणि मागच्या आवृत्तीने ती तिच्या मागचीवरून.

कार्यालयात आम्ही तिघं. मुख्य संपादक, ज्यांना पाठीमागे आम्ही पूर्णविराम म्हणायचो, कारण ते बोलले की पुढे काही उरत नसे. मी सहसंपादक, 'ए' ते 'डी' माझ्याकडे. आणि उदाहरणताई. प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य लागतं, ते त्या लिहायच्या. एका कार्डावर, बारा शब्दांच्या आत. 'ब्रिज'ला पूल वाहून गेला, 'कार्पेट'ला मांजर गालिच्यावर झोपलं. चौदा वर्षांत त्यांच्या वाक्यात कुणी साधं ओरडलंही नव्हतं.

मग 'क्रुएल्टी'चं कार्ड आलं. 'रात्रपाळीला जाताना नवरा घरातले सगळे दिवे काढून पिशवीतून घेऊन जातो.'

दहा शब्द. नियमात बसत होतं.

"ताई, हे कुठून सुचलं?" मी हसत विचारलं.

"सुचलं नाही," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

नवरा सात वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. समोर उभ्या असल्या तरी नऊ वर्षांच्या मुलीला म्हणायचा, "तुझ्या आईला सांग, मीठ जास्त झालंय." मुलगी वळून आईला सांगायची. आता ती पुन्हा अंथरूण ओलं करू लागली होती. त्याने हात मात्र कधी उचलला नाही. रोज स्कूटरवरून ताईंना फाटकापाशी सोडायचा आणि न चुकता माझ्या रक्तदाबाची चौकशी करायचा. देवमाणूस, असं मीच घरी सांगितलेलं होतं.

ताईंनी घटस्फोटाचा दावा लावला होता. मुलगी त्यांना हवी होती, बाकी काही नको. पण नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात आमचाच जुना कोश उघडला: क्रुएल्टी म्हणजे विनाकारण शारीरिक पीडा देणे. "एक ओरखडा तरी दाखवा," तो म्हणाला. न्यायाधीशांनी विचारलं, याहून नवी आवृत्ती आहे का? निघतेय, असं कळल्यावर त्यांनी तीन महिन्यांनंतरची तारीख दिली.

आमचा कोश तीन आठवड्यांत छपाईला जाणार होता.

"'शारीरिक'च्या पुढे 'किंवा मानसिक' एवढे दोन शब्द घाला," ताई म्हणाल्या. "माझं उदाहरण नको असेल तर राहू द्या."

आम्ही पूर्णविरामांकडे गेलो. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं.

"वाक्य सुरेख आहे हो, बाई. पण आधार?"

आमच्याकडे नव्या अर्थाला छापील आधार लागत. तीन.

"सर, घरात घडतंय ते कोण छापणार?"

"कोर्ट छापेल की! निकाल तुमच्या बाजूने लागू द्या. निकालपत्र म्हणजे पक्का आधार. पुढच्या आवृत्तीत आपण होऊन घालू."

"कोर्ट कोश मागतंय, सर."

"आणि कोश कोर्ट मागतोय," ते समाधानाने म्हणाले. "संस्थांनी एकमेकींचा मान ठेवावा तो असा. शिवाय जागा कुठाय?"

त्यांनी पान पुढे सरकवलं. 'क्रुएल्टी'च्या खालचा शब्द 'क्रूएट', म्हणजे जेवणाच्या टेबलावरची तेल-व्हिनेगरची बाटली. तिचं चित्र तयार होऊन आलेलं होतं. चांगलं दोन बोटं उंच.

संध्याकाळी ताई माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"भाऊ, शेवटचं प्रूफ तुमच्याच हाताखालून जातं ना?"

"जातं."

त्या पर्स उचलून फाटकाकडे निघाल्या. उघड मागितलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला रागावता आलं असतं.

प्रूफ आलं. मोतीबिंदूनंतर पूर्णविराम प्रुफं बघत नसत. दोन शब्द घुसवले असते तर त्यांना पुस्तकातच दिसले असते. मी पेन्सिलीला टोक केलं. अगदी छान टोक केलं. निवृत्तीला माझी चार वर्षं उरली होती. मग 'क्रुएल्टी'खाली माझं स्वतःचं उदाहरण घातलं, 'गाडीवानाने लंगड्या घोड्याला चाबकाने मारले', आणि प्रूफ पाठवून दिलं.

तारखेला ताईंना आधार म्हणून मीही कोर्टात गेलो. वकिलाने नवा कोरा कोश उघडला, पान दोनशे चौदा, अर्थ वाचला, उदाहरण वाचलं आणि म्हणाला, "महाराज, माझ्या अशिलाकडे घोडा नाही."

कोर्टात हशा पिकला. मीही हसलो. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तिला वाटलं, आत काहीतरी चांगलं घडलंय.

दावा फेटाळला गेला. मुलगी त्या घरात राहिली, म्हणून ताईही राहिल्या.

सोमवारी स्कूटर फाटकापाशी थांबली. नवऱ्याने माझा रक्तदाब विचारला, नव्या आवृत्तीबद्दल अभिनंदन केलं. त्याने एक प्रत विकत घेतली होती, घरी असावी म्हणून. "वाचायला तिला दिवसाच वेळ असतो," तो म्हणाला. ताई तोवर पायऱ्या चढून गेल्या होत्या.

त्यांना आता कोशाच्या लघु आवृत्तीचं काम दिलं आहे. लघु आवृत्तीत उदाहरणं नसतात. ती खोडायचं काम त्यांच्याकडे आहे.

मोठ्या आवृत्तीला पुढच्या महिन्यात एक शुद्धिपत्र जोडलं गेलं. त्यात एकच दुरुस्ती आहे. पान दोनशे चौदा: बाटलीचं चित्र उलटं छापलं गेलं आहे.